रॉक गाण्यातलं मरण: घाबरायचं कशाला आणि समजून घ्यायचं काय?

गेल्या महिन्यात एका मित्राच्या घरून वहिनींचा फोन आला. आवाज दबका होता.

"भाऊजी, जरा विचारायचं होतं ओ. मामंजी गेल्यापासून पोरगं खोलीत एकच इंग्रजी गाणं लावून बसतंय. काल मी मोबाईलवर त्याचं मराठी करून बघितलं. सगळं मरणाचंच हाय त्यात. तुम्ही गाणी ऐकता, एकदा बघा की."

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, बेळगावातच. घरी गिटार वाजवतो. आजोबांचा लाडका. आजोबांचे दिवसपाणी होऊन तीन आठवडे झाले होते.

गाणं होतं ब्लू ऑयस्टर कल्ट या अमेरिकन बँडचं, 'डोंट फिअर द रीपर', १९७६ सालचं. मोबाईलनं शीर्षकाचं भाषांतर केलं होतं, "कापणी करणाऱ्याला घाबरू नका". वहिनींना आधी वाटलं, शेतीचं गाणं असेल. वाटणारच. आपल्याकडे रीपर म्हणजे भात नाहीतर सोयाबीन कापायचं यंत्र. पुढच्या ओळी वाचल्यावर मात्र त्यांच्या पोटात गोळा आला.

ही काळजी एकट्या वहिनींची नाही. पणजी असो, इंदूर, बडोदा की हैदराबाद, घरात रॉक ऐकणारं पोर असलं की आईवडिलांना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. या गाण्यांत इतकं मरण का? आणि मरून परत येण्याच्या इतक्या गोष्टी का? म्हणून हा लेख. गाण्याच्या ओळी इथे देत नाही, त्या ऐकायच्याच असतात. त्यांचा अर्थ लावायचा कसा, तेवढं बघू.

रीपर म्हणजे कोण?

आपल्याकडे मरण रेड्यावर बसून, हातात पाश घेऊन येतं. युरोपात ते काळा झगा घातलेल्या सांगाड्याच्या रूपात येतं. त्याच्या खांद्यावर लांब दांड्याचा विळा असतो. शेतकरी पीक कापतो तसा तो माणसं कापतो, म्हणून तो 'रीपर'. म्हणजे त्यांचा यमच.

हे गाणं लिहिलं बँडचा गिटारवादक डोनाल्ड रोझर यानं. रंगमंचावर त्याला बक धर्मा म्हणतात. आपण तरुणपणीच गेलो तर काय, हा विचार तेव्हा त्याच्या मनात घोळत होता. आणि आपण गेलो तरी आपलं प्रेम उरेल का, हा त्याला जोडून आलेला प्रश्न. गाण्यात रोमिओ-ज्युलिएटचा उल्लेख आहे. त्यावरून अनेकांनी तर्क केला की हे जोडीनं जीव देण्याचं गाणं आहे. रोझरनं पुढे वेळोवेळी सांगितलं की तसं काहीच त्याच्या मनात नव्हतं. मरणानंतरही टिकणारं प्रेम दाखवायला त्यानं ती जोडी घेतली, ती कशी मेली हे सांगायला नव्हे.

म्हणजे कवीनं एक उदाहरण दिलं आणि ऐकणाऱ्यांनी त्याचं दुसरंच टोक धरलं. रॉक गाण्यांतल्या मरणाबद्दलचे बरेचसे गैरसमज असेच झालेत.

हे मरण रॉकमध्ये आलं कुठून?

रॉकची मुळं आहेत अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूजमध्ये आणि चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांत. ज्यांचे पूर्वज गुलामगिरीत राबले, त्यांच्या गाण्यात मरण म्हणजे बऱ्याचदा सुटका असायची. नदीपलीकडचं घर, आई भेटेल ती जागा.

न्यू ऑर्लिन्स शहरात बँड लावून अंत्ययात्रा काढायची जुनी रीत आहे. स्मशानाकडे जाताना बँड संथ, जड चालीत वाजवतो. दफन झालं, निरोप झाला, की परत येताना तोच बँड जोरकस, नाचरी चाल धरतो आणि मागून येणारे लोक खरोखर नाचतात. ज्यानं ही रीत पाहिली नाही त्याला तो मेलेल्याचा अपमान वाटेल. तिथल्या माणसासाठी मात्र तो सन्मान असतो. गेला तो सुटला आणि उरलेल्यांनी जगायचं आहे. कितीतरी रॉक गाणी याच वाटेनं जातात. सुरुवात जड आणि संथ, मग मध्ये कुठेतरी ढोल उसळतो. नुसते शब्द वाचले तर अंत्ययात्रेचा जायचा भाग तेवढा दिसतो, परतीचा भाग चालीत असतो. वहिनींनी मोबाईलवर शब्द वाचले होते, गाणं ऐकलं नव्हतं.

दुसरा स्रोत बायबल. मेलेला परत उठतो ही ख्रिस्ती श्रद्धेतली मध्यवर्ती गोष्ट. तिसरा स्रोत १९६० च्या दशकात आला, तो आपल्या बाजूनं: भारत आणि तिबेटमधून.

इथे मराठीत एक घोळ होतो, तो आधी सोडवू. आपण सरसकट 'पुनर्जन्म' म्हणतो. पण बायबलमधली कल्पना पुनरुत्थानाची आहे. तोच माणूस, त्याच नावानं, एकदाच मेलेल्यातून उठतो. पुनर्जन्मात आत्मा नवा देह घेतो, पुन्हा पुन्हा घेतो, आणि आपल्या परंपरेत ही काही आनंदाची बातमी नसते. जन्ममरणाचा फेरा चुकावा म्हणून तर सगळी धडपड. एकीकडे परत येणं हा विजय, दुसरीकडे परत यावं लागणं ही अडचण. गाण्यातलं परतणं या दोनपैकी कुठलं, हे ओळखलं नाही तर अर्थ उलटा लागतो.

पहिला प्रश्न: मरतंय ते नेमकं काय?

बीटल्सच्या १९६६ सालच्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बममधलं शेवटचं गाणं 'टुमॉरो नेव्हर नोज' घ्या. त्यात तंबोऱ्याचा सूर आहे, उलटी वाजवलेली गिटार आहे, आणि जवळजवळ सगळं गाणं एकाच स्वराच्या आधारावर उभं आहे. आपल्या कानाला ते फार परकं वाटत नाही. जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा गात असल्यासारखा हवा होता. म्हणून ध्वनिमुद्रकांनी तो ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला.

शब्दांची कूळकथा आणखी लांबची. तिबेटी बौद्ध परंपरेत 'बार्दो थोडोल' हा ग्रंथ आहे. मरणाऱ्या किंवा नुकत्याच मेलेल्या माणसाच्या कानाशी तो वाचतात. मरण आणि पुढचा जन्म यांच्या मधल्या वाटेवर भिऊ नकोस, दिसतंय ते तुझ्या मनाचंच रूप आहे, असं तो त्या जिवाला समजावतो. त्याचं इंग्रजी भाषांतर १९२७ साली प्रसिद्ध झालं. ते मुळात सिक्कीममधल्या काझी दावा समदुप यांनी केलेलं. १९६४ साली तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्यावरून एक पुस्तक लिहिलं. त्यात देहाचं मरण बाजूला ठेवून 'मी'चं, अहंकाराचं मरण घेतलं होतं. ते पुस्तक एलएसडी या अमली पदार्थाच्या प्रयोगांसाठी लिहिलेलं होतं, हेही लपवायला नको. त्या तिघांपैकी एक, रिचर्ड अल्पर्ट, पुढे नीम करोली बाबांचा शिष्य होऊन रामदास झाला. लेननच्या हाती पडलं ते हे पुस्तक, आणि त्यातून हे गाणं.

तेव्हा या गाण्यात 'मरण' आलं की ते देहाचं नाही. मन शांत कर, 'मी' सोड, इतकंच ते सांगतं.

लेननच्या शेजारी उभा राहणारा जॉर्ज हॅरिसन मात्र खराखुरा पुनर्जन्म मानायचा. १९७० च्या त्याच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या तीन तबकड्यांच्या अल्बममध्ये 'आर्ट ऑफ डाइंग' नावाचं गाणं आहे. मरण्याची कला! नाव ऐकून कुणीही दचकेल. पण आत काय आहे? प्रत्येकाला एक दिवस जायचं आहे, सत्य कळेपर्यंत परत परत यावं लागणार आहे, तेव्हा तयारी आत्तापासून करा. आपल्या गावच्या कीर्तनात बुवा यापेक्षा वेगळं काय सांगतात? फरक एवढाच की इथे मृदंगाच्या जागी ड्रम आहेत.

वहिनींना मी फोनवरच विचारलं, "मामंजींच्या दिवसांत घरी गरुडपुराण लावलं होतं ना?" त्या म्हणाल्या, "हो तर, रोज संध्याकाळी वाचायला येत होते." गरुडपुराणातली वर्णनं आठवा. ती ऐकून कुणी म्हणत नाही की हे ऐकू नका, मनावर परिणाम होईल. कारण ते कुणी, कशासाठी वाचतंय हे आपल्याला ठाऊक असतं. रॉकच्या बाबतीत तेच ठाऊक नसतं, म्हणून भीती.

दुसरा प्रश्न: गाण्यात बोलतंय कोण?

गायक 'मी' म्हणाला की तो स्वतःबद्दलच बोलतोय असं आपण धरून चालतो. नाटकात नट मेला तर आपण तसं समजत नाही. गाण्यात मात्र फसतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण डेव्हिड बोवी. या इंग्रज गायकानं आयुष्यभर वेगवेगळी सोंगं घेतली आणि ती स्वतःच मारून टाकली. 'झिगी स्टारडस्ट' हे त्याचं गाजलेलं पात्र. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये, कार्यक्रम रंगात असताना, हा आपला शेवटचा कार्यक्रम असं त्यानं जाहीर केलं. लोक हबकले. पण संपला झिगी, बोवी पुढे चार दशकं गात राहिला. १९६९ च्या गाण्यात अंतराळात हरवलेला मेजर टॉम १९८० च्या 'अॅशेस टू अॅशेस'मध्ये परत आला. ते शीर्षक इंग्लंडच्या चर्चमधल्या दफनविधीच्या प्रार्थनेतून आलेलं आहे. माती मातीला मिळो, राख राखेला, या अर्थाचं.

आता त्याचं 'लॅझरस'. गोव्यातल्या आणि बेळगावातल्या ख्रिस्ती वाचकांना ही गोष्ट सांगायला नको. योहानाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात ती आहे. बेथानीचा लाजर मरून चार दिवस झाले, आणि येशूनं हाक मारल्यावर तो कबरीतून चालत बाहेर आला. बोवीच्या गाण्याची चित्रफीत ७ जानेवारी २०१६ ला आली. तीत तो पलंगावर पडलेला आहे, डोळ्यांवर पट्टी, पट्टीवर डोळ्यांच्या जागी बटणं, आणि शेवटी तो मागे मागे सरकत एका कपाटात शिरतो. दुसऱ्या दिवशी, ८ जानेवारीला, त्याच्या ६९ व्या वाढदिवशी 'ब्लॅकस्टार' अल्बम बाहेर पडला. १० जानेवारीला बोवी गेला. कर्करोग होता, आणि तो त्यानं जगापासून लपवला होता.

जगभर एकच बोललं गेलं: त्यानं स्वतःचा निरोप गाऊन ठेवला होता. त्याचा जुना निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यानंही या अल्बमला निरोपाची भेट म्हटलं. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. हे गाणं मुळात त्याच नावाच्या संगीत नाटकात आलं. ते नाटक डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं. त्यात गाणं म्हणतो तो थॉमस न्यूटन, परग्रहावरून आलेला आणि पृथ्वीवर अडकून पडलेला. त्याचं दुःखच असं की त्याला मरण येत नाही. शिवाय चित्रफितीचा दिग्दर्शक योहान रेंक यानं नंतर सांगितलं की पलंगाची कल्पना ठरली तेव्हा आजार असाध्य असल्याचं बोवीलाही कळलेलं नव्हतं. लाजर म्हटल्यावर अंथरुणातून उठणारा माणूस सुचला, एवढंच. उपचार थांबवल्याचं बोवीला कळलं ते चित्रीकरणाच्या त्याच आठवड्यात.

मग अर्थ कुठला खरा? दोन्ही. पात्र एक बोलतंय आणि त्या पात्राच्या तोंडून माणूसही बोलतोय. पण आपण फक्त शेवट माहीत आहे म्हणून मागचं सगळं त्याच रंगात रंगवतो, ते टाळायला हवं. माणूस गेल्यावर त्याचं प्रत्येक जुनं वाक्य आपल्याला सूचना वाटू लागतं. "त्या दिवशी ते असं म्हणाले होते बघा" हे आपल्याकडे प्रत्येक मयताला ऐकू येतं. गाण्यांचंही तेच होतं.

तिसरा प्रश्न: मेल्यावर परत कोण येतं?

कधी माणूस परत येत नाही, पण त्याच्या मागचे येतात.

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये गेला. वय ३३. रात्रभर दारू झाली होती. बँड बंद करायचा विचार झाला. मग ब्रायन जॉन्सन हा नवा गायक घेऊन त्यांनी पाचएक महिन्यांत, २५ जुलै १९८० ला, 'बॅक इन ब्लॅक' काढला. मुखपृष्ठ पूर्ण काळं, सुतकाचं. अल्बम सुरू होतो तो एका प्रचंड घंटेच्या संथ टोलांनी. गोव्यात चर्चची घंटा तशी वाजली की लोक काम थांबवून विचारतात, कोण गेलं?

शीर्षकगीत लिहिताना मात्र जॉन्सनला सांगितलं होतं की रडगाणं नको, बॉनचा आनंद साजरा झाला पाहिजे. म्हणून ते गाणं ऐकताना पाय जागेवर राहत नाहीत. न्यू ऑर्लिन्सचा परतीचा बँड आठवला ना? इथे पुनरुत्थान झालं ते बँडचं. जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या अल्बमांत आज त्याची गणना होते, आणि तो आहे एका मित्राच्या सुतकात केलेला.

अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात दहा वर्षांनी असंच घडलं. मदर लव्ह बोन या बँडचा गायक अँड्र्यू वुड मार्च १९९० मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनानं गेला. त्याच्या दोन साथीदारांनी पुढे नवा बँड उभा केला, तो पर्ल जॅम. त्यांनी चालींची एक कॅसेट सॅन दिएगोमध्ये राहणाऱ्या एडी व्हेडर या अनोळखी तरुणाकडे पाठवली. त्यानं त्यावर शब्द लिहून पाठवले. त्यातलं एक गाणं 'अलाइव्ह', १९९१ च्या 'टेन' अल्बममधलं.

गाण्यातल्या मुलाला आई सांगते, ज्याला तू बाप समजत होतास तो तुझा बाप नाही, आणि खरा बाप मरून गेलाय. व्हेडरच्या स्वतःच्या आयुष्यात हे घडलेलं. धृपदात तो मुलगा आपण जिवंत असल्याचं म्हणतो, पण लिहिताना व्हेडरच्या मनात ते दुःखाचं होतं. बाप गेला आणि हे ओझं घेऊन मला जगावं लागतंय, एक शापच. मग मैफिली सुरू झाल्या. हजारो लोक ते धृपद हात वर करून, उड्या मारून, आनंदानं गाऊ लागले. कुणी आजारातून उठलेला, कुणी नशेतून सुटलेला, कुणी जवळचं माणूस गमावून उभा राहिलेला. व्हेडरनं पुढे सांगितलं की लोकांनी गाण्याचा अर्थच बदलून टाकला आणि त्याच्यावरचा शाप उतरवला.

मला हे उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिहिणाऱ्यानं मरण लिहिलं आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून जगणं काढलं. तेव्हा गाण्यात काय लिहिलंय याइतकाच दुसरा प्रश्न मोठा आहे: ऐकणारा त्याचं काय करतोय?

गाणी कोर्टात गेली तेव्हा

हा प्रश्न अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला. ऑझी ऑस्बर्नच्या १९८० च्या 'सुइसाइड सोल्यूशन' या गाण्यामुळे आमच्या मुलानं जीव दिला, असा दावा एका कुटुंबानं लावला. नावातच आत्महत्या, मग वेगळं काय सांगायचं, असं कुणालाही वाटेल. पण 'सोल्यूशन' शब्दाला दोन अर्थ आहेत. एक उपाय. दुसरा आपण रसायनशास्त्राच्या तासाला शिकलो तो, द्रावण. गाणं दारूबद्दल आहे: बाटलीतलं हे द्रावण म्हणजे हळूहळू केलेली आत्महत्या. ऑझी म्हणायचा, ते बॉन स्कॉटच्या मरणावरून सुचलं. शब्द लिहिणारा बॉब डेझली म्हणायचा, ते ऑझीच्याच पिण्याबद्दल होतं. कसंही घेतलं तरी ते दारूविरुद्धचं गाणं. कोर्टानं दावा फेटाळला.

दुसरा खटला १९९० मध्ये नेव्हाडा राज्यातल्या रीनो शहरात चालला, इंग्लंडच्या जुडास प्रीस्ट बँडवर. दोन तरुणांनी १९८५ मध्ये टोकाचं पाऊल उचललं होतं. बँडच्या एका गाण्यात 'कर' असा छुपा हुकूम भरलाय, असा कुटुंबांचा आरोप. न्यायाधीशांनी गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. तसा भास होणारा आवाज आहे, पण तो गायकाचा श्वास आणि वाद्यं यांच्या योगायोगानं झालाय, कुणी मुद्दाम घातलेला नाही, आणि त्यानं मृत्यू ओढवल्याचं सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. ज्यांनी मुलं गमावली त्यांचं दुःख खरंच होतं. कारण शोधताना हाताला लागलं ते गाणं.

आपल्याकडे काय वेगळं आहे?

रॉकवाले मरणाचं बोलतात तर ते विदेशी खूळ, असं म्हणण्याआधी आपल्या घरात बघावं. आपलंच मरण आपण पाहिलं आणि तो सोहळा अपूर्व झाला, असं सांगणारा अभंग तुकोबांचा आहे, आणि तो आपण टाळमृदंगावर आनंदानं गातो. मरतो तो 'मी', उरतो तो विठ्ठल, हे वारकऱ्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही.

आणि मरणाच्या दारातून परतलेला आवाज ऐकायचा तर बेळगावकरांना आणि इंदूरकरांना लांब जायला नको. कुमार गंधर्व जन्मले १९२४ मध्ये, बेळगावजवळच्या सुळेभावीत. क्षयरोग झाला म्हणून कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये ते इंदूरजवळच्या देवासला गेले. काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस निकामी. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं ऐकली. बरे होऊन परतले ते गाणंच वेगळं घेऊन. श्वास तोकडा होता, म्हणून स्वर लहान, धारदार झाले. कबीराच्या भजनात देह सोडून एकटा उडून जाणारा हंस ते गायचे, तेव्हा ते मरणाचंच गाणं असतं. ते ऐकून कुणाला मरावंसं वाटलं? उलट घरात कुणी गेलं की लोक तीच भजनं लावतात.

मग काळजी करायचीच नाही का?

करायची. पण गाण्याची नाही, मुलाची.

दुःखात असलेला माणूस दुःखाचं गाणं ऐकतो, यात वावगं काही नाही. ते गाणं त्याच्या वतीनं बोलत असतं. लक्ष द्यायचं ते दुसरीकडे. जेवणखाण, झोप सुटली का? मित्र तुटले का? आवडती कामं, आवडत्या वस्तू सोडून देतोय का? आपण ओझं झालोय, नसलेलं बरं, असं स्वतःबद्दल बोलतोय का? तसं असेल तर हेडफोन काढून घेऊन काही होत नाही. शेजारी बसून सरळ विचारावं, "जीव द्यायचे विचार येतात का रे?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. लगेच डॉक्टरांकडे न्यावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. कुठल्याही राज्यातून लागतो, आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

बाकी वेळी त्याच्याबरोबर गाणं ऐकावं आणि वरचे तीन प्रश्न त्यालाच विचारावेत. यात मरतंय काय? बोलतंय कोण? आणि शेवटी उरतंय काय? उत्तरं बरोबर आली पाहिजेत असं नाही. बोलणं सुरू झालं पाहिजे.

मी रविवारी त्यांच्या घरी गेलो. पोरगं आधी जरा अवघडलं, मग गिटार काढून त्या गाण्याची सुरुवातीची तान वाजवून दाखवली. तीच तीच, गोल फिरणारी. मी विचारलं, "हेच का रे सारखं?"

"काका," तो म्हणाला, "आजोबांच्या भजनात टाळ कसा चालू राहायचा, थांबायचाच नाही, तसं वाटतं हे. सगळे रडत होते तेव्हा मला रडायलाच आलं नाही. हे वाजवताना आलं."

वहिनी दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा टाकला. रात्री त्यांचा मेसेज आला: "भाऊजी, मीपण ऐकलं आज पूर्ण. मधे एकदम लई आवाज वाढतोय ओ. तेवढा कमी कर म्हटलंय त्याला. बंद कर म्हटलं नाही."